लाटेत दिसले, नंतर कुठे गेले? तुमच्याकडच्या लोकप्रतिनिधीने कोरोनानंतर काय केलं

कोरडवाहू

धागा काढायचं निमित्त प्रचाराची पत्रकं. महापालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये एकदाच्या झाल्या, आणि मामाच्या घरी शहरात गेलो होतो तेव्हा दाराच्या फटीतून आत सरकवलेली पत्रकं वाचत बसलो. चारपैकी तिघांच्या पत्रकावर पीपीई किट घातलेला फोटो. 'कोरोना काळात अहोरात्र सेवा'. आता अहोरात्र केली असेल, मी नाही म्हणत नाही. २०२०-२१ मध्ये ज्याने कुणी बेड मिळवून दिला, सिलेंडर आणला, डबे पोचवले त्याला आयुष्यभर रामराम घालायला मी तयार आहे.

पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. रुग्ण बरा झाला किंवा गेला, मांडव निघाला, गाद्या परत गेल्या, त्यानंतर काय? ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घराचं पुढचं सगळं काम कागदावरचं असतं. वारस नोंद, सरकारची ५० हजारांची मदत, पोरांसाठी बालसंगोपन योजनेचे पैसे, बँकेचं कर्ज, बचत गटाचा हप्ता, शाळेची फी. याचा फोटो निघत नाही. मला वाटतं लोकप्रतिनिधीची खरी परीक्षा तिथे होती आणि बहुतेक जण त्या पेपरला बसलेच नाहीत.

तर तुमच्याकडे सरपंच, नगरसेवक, झेडपी सदस्य, आमदार, कोणीही असो, लाट गेल्यावर काय केलं ते लिहा. चांगलं पण लिहा, नुसत्या शिव्या नकोत. आणि पक्षाची धुणी इथे धुवू नका ही कळकळीची विनंती.

नगरी_तडका

पहिला प्रतिसाद आमच्या जिल्ह्याकडून आलाच पाहिजे 😄

निलेश लंके. पारनेरचे आमदार होते तेव्हा, २०१९ ला पहिल्यांदाच निवडून आलेले. २०२१ च्या लाटेत भाळवणीला ११०० बेडचं कोविड सेंटर उभं केलं आणि स्वतः तिथंच मुक्काम ठोकला. लोकांनी धान्य दिलं, भाजीपाला दिला, पैसे पाठवले, परदेशातून पण मदत आली. ज्याला दवाखान्यात डिपॉझिट भरायची ऐपत नव्हती असा माणूस तिथं फुकटात बरा होऊन घरी गेलाय. २०२४ ला खासदार झाले त्यात या सेंटरचा वाटा नाही असं म्हणणारा माणूस नगर जिल्ह्यातला नसणार.

खडूस_काका

आणि त्याच वर्षी विधानसभेला पारनेरमध्ये त्यांच्या सौभाग्यवती पडल्या. म्हणजे लोक कोविड सेंटरवर जन्मभर मतं देत नाहीत, एवढंच.

ते मास्क, किट काही न घालता रुग्णांमध्ये फिरायचे त्याचं कौतुक झालं, मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. धीर देणं ठीक आहे, पण आमदारच असा फिरायला लागला की गावातला प्रत्येक कार्यकर्ता तसाच फिरतो. बाकी काम मोठं होतं, नाकारत नाही.

नगरी_तडका

काका, तेव्हा पेशंटजवळ रक्ताची नाती जात नव्हती. पोरगा बापाचं प्रेत ताब्यात घ्यायला घाबरत होता. अशा वेळी आमदार खाटेवर येऊन बसतोय हे औषधच होतं. शास्त्र तुमच्या बाजूने आहे हे मान्य.

कोरडवाहू

दोघेही थांबा, धाग्याचा विषय सेंटर नाही, सेंटरनंतरचं आहे :)

निळाई

मी लिहिते. थोडं लांबेल.

माझे धाकटे दीर एप्रिल २०२१ मध्ये गेले. वय ३८, पिकअप चालवायचे. आरटीपीसीआर निगेटिव्ह आली होती पण एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा स्कोर १८, सगळी लक्षणं कोरोनाची, उपचार कोरोनाचे, बिल पण कोरोनाचं. दवाखान्याचं नाव घेत नाही. त्या वेळी सरकारने खाजगी दवाखान्यांच्या ८० टक्के बेडना दर ठरवून दिलेले होते, साध्या वॉर्डला दिवसाला ४०००, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटर असेल तर ९०००, पण हे आम्हाला ते गेल्यावर कळलं, तेव्हा कोणाला सुचतंय भांडायला.

मग सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ ला ५० हजारांच्या मदतीला मान्यता दिली, राज्याने पोर्टल काढलं. जावेने अर्ज केला. नामंजूर. का तर पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही. आता मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलंच नसतं, ते कारणाचं वेगळं सर्टिफिकेट दवाखाना भरतो, ते आमच्याकडे नव्हतं, असतं हेही माहीत नव्हतं. सेतूवाला म्हणाला सोडा वहिनी, होणार नाही.

आमच्या गटाच्या झेडपी सदस्य एक बाई होत्या. त्यांचं नाव नाही लिहीत, त्यांना आवडणार नाही. आम्ही त्यांना मत दिलेलं नव्हतं आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या घरी आल्या, आल्या आल्या म्हणाल्या फाइल आणा. सांत्वन वगैरे नंतर. चष्मा लावून ओट्यावर बसून एक एक कागद बघितला. त्यांनी सांगितलं की फक्त टेस्टवर अडवता येत नाही, दवाखान्यात तपासण्या करून कोविड म्हणून उपचार झाले असतील तरी धरतात, आणि नामंजूर झालं तर जिल्ह्याला तक्रार निवारण समिती आहे तिथे दाद मागायची. मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट, डिस्चार्ज समरी, एचआरसीटी, औषधांची बिलं, सगळं लावून दुसरा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला. दवाखान्यात सर्टिफिकेटसाठी फोन पण त्यांनीच केला, आमच्या फोनला उत्तर येत नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट जी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या, आधी सातबाऱ्यावर हिची आणि पोरांची वारस नोंद करा, मी पुढच्या आठवड्यात उतारा बघायला येणार. कारण आमच्याच घरात कुजबुज सुरू झाली होती. जाऊ तरुण, उद्या माहेरी गेली, परत लग्न केलं तर जमीन बाहेर जाईल वगैरे. सासरे तोंडाने काही बोलत नव्हते पण तलाठ्याकडे जायची तारीख रोज पुढे जात होती. बाईंनी सासऱ्यांच्या समोरच विचारलं, तात्या, नोंद कधी करताय? उतारा बघायला खरंच आल्या. नोंद झाली.

त्यांची मुदत मार्च २०२२ ला संपली. समितीपुढची तारीख त्याच्या नंतरची होती, तरी त्या आल्या. माजी म्हणून आल्या, शिपायाने खुर्ची दिली नाही, उभ्या राहिल्या. पैसे खात्यात आले.

खडूस_काका

अशा बाईंना लोक पुन्हा निवडून देत नाहीत, लिहून घ्या.

दप्तरी

निळाई, तुमच्या त्या सदस्य बाईंना नमस्कार सांगा.

मी पंचायत समितीत नोकरी केली, आता निवृत्त. थोडी दुसरी बाजू मांडतो, लोकांना वाटतं यांच्याकडे पैशांची पोती होती आणि यांनी दिली नाहीत.

खासदारांचा निधी केंद्राने एप्रिल २०२० लाच दोन वर्षांसाठी बंद केला, नोव्हेंबर २०२१ मध्ये परत सुरू केला तोही त्या वर्षापुरता निम्म्याहून कमी. म्हणजे ऐन दुसऱ्या लाटेत खासदाराच्या हातात निधी म्हणून शून्य. राज्यात आमदारांना २०२१ मध्ये स्थानिक विकास निधीतले १ कोटी कोविडसाठी वापरायची मुभा दिली. जिल्हा नियोजनच्या निधीतले ३० टक्केही कोविडसाठी. ग्रामपंचायतीला १५ व्या वित्त आयोगाचा पैसा, पण तो बराचसा बंधित, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. आणि हे सगळे पैसे खर्च कशावर होऊ शकत होते? तर वस्तूंवर. ॲम्ब्युलन्स, कॉन्सन्ट्रेटर, ऑक्सिजन प्लांट, बेड. विधवा बाईचा हप्ता भरायला किंवा पोराची फी भरायला यातला एक रुपया वापरता येत नाही. म्हणून ॲम्ब्युलन्स आल्या. नारळ फुटले. आता त्यातल्या किती चालू आहेत ते तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या शेडमध्ये जाऊन बघा, मी बघितलंय.

धागाकर्ते म्हणतात ते कागदाचं काम, त्याला निधी लागत नाही. वेळ लागतो आणि जीआर वाचावे लागतात. ते करणारे पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी बोटावर मोजण्याइतके पाहिले.

पेठेतली

शहरातली बाजू कोणीच लिहीत नाहीये म्हणून.

आमच्या पुण्यात नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ ला संपली. मुंबईतही त्याच महिन्यात. तिसरी लाट जानेवारी २०२२ ची, म्हणजे लोक सावरायला लागले आणि बरोबर त्याच वेळी नगरसेवक हा प्राणीच अस्तित्वात राहिला नाही. ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, कोर्ट, तारखांवर तारखा, आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक. त्यामुळे 'नंतर कुठे गेले' याचं शहरापुरतं साधं उत्तर आहे की पदावरून गेले. ज्याला काम करायचं होतं तो माजी म्हणून करत राहिला, ज्याला नव्हतं करायचं त्याला सोन्यासारखं कारण मिळालं, "अहो आता आमच्या हातात काय आहे, प्रशासक आहे". क्षेत्रीय कार्यालयात गेलं की ते म्हणणार वर विचारा. वर म्हणजे नक्की कुठे हे चार वर्षं कळलं नाही.

पथारीवाल्यांचं बघा. स्वनिधी योजना जून २०२० ला आली, तेव्हा १० हजाराचं कर्ज होतं, फेडलं की २०, मग ५०. चांगली योजना आहे. पण कर्ज मिळायला विक्रेता म्हणून नोंद पाहिजे नाहीतर पालिकेचं शिफारस पत्र. आमच्या कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशी तीस वर्षं तिथे बसतात, सर्वेक्षणाच्या वेळी गावाला होत्या म्हणून यादीत नाव नाही. लॉकडाऊनमध्ये देवळं बंद म्हणजे फुलं बंद म्हणजे सगळंच बंद. शिफारस पत्रासाठी त्यांना घेऊन फिरायला कोणी नव्हतं. शेवटी भिशीतून उचललेत पैसे.

नानबा

पेठेतली +१

आमच्या शहराचं (नाव नको, सगळे ओळखतात) एक उदाहरण देतो, चांगलं आहे.

आमचे नगरसेवक म्हणजे टिपिकल, दहीहंडी, फ्लेक्स, गॉगल. लाटेत त्यांनीही डबे वाटले आणि डब्यावर स्वतःचा फोटो लावला, आम्ही खूप हसलो. पण २०२१ च्या जुलैच्या आसपास त्यांनी एक काम केलं ज्याचा फ्लेक्स मी कधीच पाहिला नाही. ऑफिसात एक कॉमर्सची मुलगी बसवली आणि प्रभागात ज्यांच्या घरी माणूस गेलाय त्यांना निरोप धाडला की त्यांचं पासबुक भरून आणा. ती मुलगी पासबुकात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली एकच एन्ट्री शोधायची, ३३० रुपये. ते ३३० म्हणजे जीवन ज्योती विमा. जनधन खातं उघडताना बँकेने कधीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते, दर वर्षी आपोआप कापले जातात, घरात कोणालाच माहीत नसतं. (आता ४३६ झालेत.) ती एन्ट्री सापडली की २ लाखाचा क्लेम. ज्याच्या पासबुकात सापडली नाही त्याच्या कंपनीचा पीएफ नंबर विचारायची, कारण पीएफ असेल तर ईडीएलआयचा विमा असतो, त्याची मर्यादा २०२१ मध्ये ७ लाखांपर्यंत गेली होती. वॉचमन, हाउसकीपिंगवाले, गोडाऊनवाले यांचाही पीएफ कापला जातो पण बायकोला पत्ता नसतो.

किती जणांना मिळाले मला माहीत नाही, पण आमच्या चाळीतल्या एका घराला मिळाले, ते २ लाख त्या बाईने पोरीच्या नावावर टाकलेत. गॉगलवाल्याबद्दल माझं मत त्या दिवसापासून बदललं. हंडीचा आवाज अजून डोक्यात जातो ते वेगळं.

कोरडवाहू

नानबा, क्या बात है! हेच मला ऐकायचं होतं. एक माणूस खुर्चीवर, समोर पासबुकांचा गठ्ठा, बस. याला ना आमदार निधी लागतो ना मंत्रालयात ओळख.

रानपाखरू

हिवरे बाजारचा उल्लेख अजून आला नाही? पोपटराव पवार. २०२१ च्या मे महिन्यात गाव कोरोनामुक्त केलं, पथकं करून घरोघरी तपासणी, पॉझिटिव्ह माणूस घरी ठेवायचा नाही, आणि त्याच्या शेतातली, गुरांची कामं गावाने वाटून घ्यायची. हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. लोक टेस्ट का टाळत होते? आजाराला भिऊन नव्हे, म्हशीची धार कोण काढणार म्हणून. सोलापूरकडे मोहोळ तालुक्यात घाटणे, तिथला सरपंच ऋतुराज देशमुख तर विशी ओलांडलेला पोरगा, त्यानेही गाव सांभाळलं. अंत्रोळीच्या सरपंच कोमल करपे. या तिघांची नावं तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी भाषणात घेतली होती.

आणि हिवरे बाजारने जूनमध्ये शाळा सुरू केली होती! राज्यातल्या बहुतेक शाळा ऑक्टोबरमध्ये उघडल्या, तेही सगळे वर्ग नाहीत.

खडूस_काका

हिवरे बाजार म्हणजे तीस वर्षांची तयारी असलेलं गाव. त्याचं उदाहरण बाकीच्यांना देणं म्हणजे तेंडुलकरची बॅटिंग दाखवून गल्लीतल्या पोराला ओरडणं.

आणि त्यानंतर सरकारने काढलेली ती स्पर्धा, कोरोनामुक्त गाव, विभागात पहिल्या गावाला ५० लाख, मग २५, मग १५. स्पर्धा लागली की सरपंच काय करणार? रुग्ण शोधणार की लपवणार? तुम्हीच सांगा.

दप्तरी

काका, स्पर्धेचे निकष नुसते रुग्णसंख्येचे नव्हते, २२ निकष होते, पथकं, विलगीकरण, लसीकरण वगैरे. पण लपवायचा मोह होता हे खरं. आमच्या तालुक्यात एका गावाचा आकडा शून्य आणि त्याच गावातले लोक शेजारच्या गावच्या केंद्रावर जाऊन टेस्ट करून यायचे, पत्ता पाहुण्यांचा. बक्षीस त्या गावाला मिळालं नाही, ही समाधानाची गोष्ट.

आशाताई_७

हे सगळं वाचत होते, शेवटी लिहितेच. मी आशा कार्यकर्ती आहे. घरोघरी पथकं पथकं म्हणताय, ती पथकं म्हणजे आम्ही. माझे कुटुंब माझी जबाबदारी मोहीम सप्टेंबर २०२० ची, ऑक्सिमीटर आणि ताप मोजायची गन घेऊन दारोदार कोण गेलं? लोकांनी दारं लावून घेतली, कुत्री सोडली. कोरोना भत्ता म्हणून महिन्याला हजार रुपये, तोही कधी वेळेवर नाही. जून २०२१ मध्ये संप केला तेव्हा जरा वाढ मिळाली.

सरपंचाचा सत्कार झाला ते चांगलंच आहे, आमचा सरपंच भला माणूस आहे, आमच्या बरोबर उन्हात फिरलाय. पण नंतरचं विचाराल तर सांगते. मिशन वात्सल्य आलं २०२१ मध्ये, विधवा बायकांसाठी, तालुक्याला तहसीलदारांची समिती, गावात पथक. पुन्हा यादी करायला आम्ही आणि अंगणवाडीताई. यादी केली. बायकांना सांगितलं तुला हे मिळेल, ते मिळेल. मग त्या बायका रोज मला विचारायच्या, माझ्या यादीचं काय झालं गं? तहसीलला विचारणार कोण, तर मी? मला तिथं बसायला सांगत नाहीत. हे विचारायचं काम पुढाऱ्याचं होतं. समितीची बैठक झाली का, माझ्या गावाच्या आठ बायकांचं काय झालं, एवढं दोन महिन्यांनी एकदा जाऊन विचारलं असतं तरी खूप होतं. ज्या गावच्या पुढाऱ्याने विचारलं त्या गावच्या बायकांना मिळालं. आमच्या शेजारच्या गावात झालं ना, सगळ्यांचं झालं. योजना तीच, तहसीलदार तोच.

निळाई

आशाताई, तुमच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन.

आणि निराधार योजनेची उत्पन्नाची अट कोणी वाचली आहे का, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. वर्षाचं! महिन्याला जेमतेम पावणेदोन हजार. रोजंदारीला जाणाऱ्या बाईलासुद्धा खोटा दाखला काढायला लावणारी अट आहे ही. गावपातळीवरचा पुढारी काय करणार म्हणाल, पण आमदाराने विधानसभेत हा एक आकडा बदलून घेतला असता तर दहा कोविड सेंटरांएवढं काम झालं असतं.

कृष्णाकाठ

आमच्या कोल्हापूरचं एक सांगायलाच पाहिजे. हेरवाड, शिरोळ तालुका. ४ मे २०२२ ला ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात करायचं नाही. सरपंच सुरगोंडा पाटील. कल्पना मूळची करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाची, प्रमोद झिंजाडे यांची, आणि त्याला कोरोनातल्या मृत्यूंचीच पार्श्वभूमी. तरण्या पोरी विधवा होत होत्या आणि दहाव्याला तेच सगळं. १७ मे ला सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घ्या म्हणून सांगितलं. पुढे बऱ्याच गावांनी ठराव केले.

मला हे कोरोनानंतरचं सगळ्यात धाडसी राजकीय काम वाटतं. खर्च शून्य, विरोध घरोघरी.

खडूस_काका

ठराव करायला काय जातं. वहीत राहतात ठराव. माझ्या बघण्यात ठराव केलेल्या गावात बांगड्या फुटल्यात.

कृष्णाकाठ

फुटल्या असतील. पण आधी फोडू नका म्हणणारी सून एकटी पडायची, आता तिला म्हणता येतं की ग्रामसभेचा ठराव आहे. माझ्या चुलत बहिणीच्या वेळी (गाव वेगळं, पण ठराव झालेला) म्हाताऱ्या बायका पुढं आल्या तेव्हा सरपंच बाई नुसत्या जवळ येऊन उभ्या राहिल्या, तोंडातून शब्द नाही काढला. त्या बायका मागं सरल्या. हातात बांगड्या राहिल्या तिच्या. पुढच्या हळदीकुंकवाला तिला बोलावलं का, तर नाही बोलावलं. तेवढं अजून बाकी आहे.

फळा_खडू

शाळामास्तर आहे, दोन ओळी. दोन वर्षं शाळा बंद, त्यात सातवी आठवीच्या मुली गेल्या. गेल्या म्हणजे लग्नं झाली. पन्नास माणसांत लग्न उरकायची सोय झाली होती, हॉल नको, जेवणावळ नको, बापाला स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. पण ग्रामसेवक सरपंचाच्या मर्जीशिवाय कोणाच्या मांडवात पाऊल टाकणार नाही हे उघड गुपित आहे. आणि सरपंच त्या मांडवात पहिल्या रांगेत फेटा बांधून. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन आम्हीच करायचो, नाव न सांगता. एका मुलीचं थांबलं, ती पुढे बारावी झाली. बाकीच्यांचं नाही लिहीत.

सावरण्याच्या गप्पा करताना लोकप्रतिनिधी रस्ता, पाणी, दवाखाना बोलतात, पटावरून उडालेल्या या मुलींचा विषय एकाही सभेत ऐकला नाही मी.

पेठेतली

सर 😔

मुंबईकर_९१

सगळं वाचलं, पण एक शंका. लोकप्रतिनिधीने फाइली घेऊन तहसीलला फिरायचं, पासबुकं तपासायची, हे त्याचं काम आहे का खरंच? नगरसेवकाने बजेट बघावं, प्रशासनाला प्रश्न विचारावेत, आमदाराने कायदे करावेत. आपण त्यांना एजंट करून ठेवलंय. ज्याच्याकडे कार्यकर्ता नाही त्याचं काम होत नाही, म्हणजे हा सगळा उपकाराचा धंदा झाला. सिस्टीम सुधारली तर त्या झेडपी बाईंची गरजच पडायला नको.

दप्तरी

पुस्तकात बरोबर आहे तुमचं. पण त्या झेडपी बाईंनी वाटेवरची अडचण डोळ्यांनी बघितली. असे पाच अर्ज एकाच कारणाने परत आलेले ज्याने बघितले तोच सभागृहात उठून विचारू शकतो की टेस्ट नसलेल्यांचे अर्ज का अडवताय. बाकीचे वर्तमानपत्राचं कात्रण वाचून प्रश्न विचारतात, उत्तर पण तसंच मिळतं, 'कार्यवाही सुरू आहे'.

उपकाराचा धंदा होतो हे मात्र शंभर टक्के खरं. मी पाहिलंय, मंजूर झालेल्या ५० हजारांचं पत्र स्टेजवर बोलावून दिलंय. कोर्टाने दिलेला हक्क आणि बाईला फोटोसाठी उभी केली, डोक्यावर पदर घे म्हणून सांगितलं.

निळाई

आमच्या बाईंनी असं काही केलं असतं तर मी इथे लिहिलंच नसतं.

मुंबईकर, तुमचा मुद्दा कळतो. पण माझ्या सासऱ्यांना "नोंद कधी करताय" असं तोंडावर विचारायला कुठली सिस्टीम येणार होती? पोर्टलवर तो पर्याय नाही.

मुंबईकर_९१

हा मुद्दा मान्य. बाकी मतभेद कायम :)

सोनचाफा

नेहमी वाचनमात्र असते, आज विचारायचं आहे म्हणून लॉगिन केलं. माझी मैत्रीण, नवरा २०२१ मध्ये कोरोनाने गेला, मुलगा आता ११ वर्षांचा आहे. तिला ५० हजार मिळाले होते पण त्यानंतर काहीच केलं नाही, कोणी सांगितलंच नाही. आता काही होऊ शकतं का? त्यांच्या इथे नवीन नगरसेविका निवडून आल्यात, त्यांच्याकडे जावं का?

दप्तरी

होऊ शकतं. बालसंगोपन योजना नुसती कोरोनाची नाही, एक पालक गेलेल्या मुलांना कायमच आहे, १८ वर्षांपर्यंत. आधी महिन्याला ११०० होते, २०२३ पासून २२५० केलेत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात, मग गृहभेट होते, बालकल्याण समितीपुढे मुलाला घेऊन जावं लागतं. वडिलांचा मृत्यू दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, घरासमोर आई आणि मुलाचा फोटो. पैसे दर महिन्याला येतील अशी आशा ठेवू नका, चार सहा महिन्यांचे एकदम येतात, मध्येच थांबले तर घाबरून जाऊ नका, जाऊन विचारा. पीएम केअर्सचे १० लाख आणि राज्याची ५ लाखाची ठेव ही दोन्ही पालक गेलेल्यांसाठी होती, कोणी त्याच्या नावाखाली पैसे मागितले तर देऊ नका.

नवऱ्याचं पासबुक असेल तर नानबांनी लिहिलेली ती ३३० ची एन्ट्रीसुद्धा बघायला सांगा. उशीर खूप झालाय, बँक नाही म्हणण्याची शक्यता जास्त, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

नानबा

आणि नगरसेविकांकडे जरूर जा. नवीन आहेत, अजून फोन उचलत असतील 😄 जाताना अर्जाची एक कॉपी त्यांच्याकडे ठेवून या, आणि पोच घ्या.

आशाताई_७

मैत्रीण कुठल्या जिल्ह्यातली आहे ते मला निरोपात कळवा. तिथल्या आमच्या बायका आहेत, घरून बरोबर येतील ऑफिसला. एकटीला पाठवू नका, एकटीला उद्या या म्हणतात.

सोनचाफा

निरोप केलाय ताई. सोमवारी जातोय आम्ही. दप्तरी काका, उत्पन्नाचा दाखला तिच्या नावाने काढायचा की सासऱ्यांच्या? रेशनकार्ड अजून एकत्रच आहे.

दप्तरी

तिच्या नावाने. रेशनकार्ड वेगळं करायचा अर्ज त्याच दिवशी पुरवठा शाखेत टाकून या, पण त्यासाठी बालसंगोपनचा अर्ज थांबवू नका.